सोळा आठवड्यांचं उद्यापन

देवदत्तराव डॉक्टरांचं ऐकत नसत, पण देवापुढे दिलेला शब्द मोडत नसत. म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या पायाची बोटं दाबून "कळतंय का?" विचारलं आणि ते "कुठं दाबलं?" म्हणाले, त्याच दिवशी इंद्रायणीबाईंनी नवऱ्याच्या हातावर पाणी घालून संकल्प करवला. सोळा आठवडे गोड बंद, दोन वेळा भाकरी-पालेभाजी, रोज पहाटे बूट घालून सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी तासभर चालणं.

पाळलं बिचाऱ्यांनी. रक्तातली साखर उतरली. डॉक्टर म्हणाले, "छान. आता हेच जन्मभर."

"जन्मभर कसलं?" रिक्षात देवदत्तराव म्हणाले. "व्रताला उद्यापन असतं की. तूच सांगतेस."

तुळशीला पाणी आणि एक माळ जप, हे बाईंचं चाळीस वर्षांचं. त्याच्या उद्यापनाचा विचार कधी शिवला नव्हता. तो नेम. पण नेम म्हटलं असतं तर हे पाटावर बसलेच नसते.

उद्यापनाला सोळा मेहुणं जेवली. पुरण बाईंनीच वाटलं. देवदत्तरावांनी तुपात बुडवून पाच पोळ्या खाल्ल्या.

"भावजी, कसे तजेलदार झालात!" शेजारच्या यशोदाबाई म्हणाल्या.

"आता सुटलो की, वहिनी!"

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई बूट घेऊन उभ्या राहिल्या. "अहो, चला ना."

"पुरं झालेलं व्रत पुन्हा मांडलं तर देवाला संशय येईल," म्हणत त्यांनी कूस बदलली. बूट माळ्यावर गेले. चहात साखर आली, आधी एक, मग दोन चमचे.

वैशाखात चपलेतून खिळा वर आला. दोन दिवस ते तसेच हिंडले. देवघरापुढच्या फरशीवर रक्ताचे ठसे बाईंनी पाहिले, तेव्हा कुठं देवदत्तरावांना कळलं. जखम चिघळली. अंगठा काढावा लागला.

दवाखान्यातल्या खाटेवर देवदत्तराव लहान झाल्यासारखे दिसत होते. "सांग," ते म्हणाले. "कसलं व्रत धरू? किती आठवडे?"

बाई आयुष्यात कुणाला टोचून बोलल्या नव्हत्या.

"मागच्याचं फळ मिळालंय," त्या नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. "ते आधी भोगून होऊ दे."

ते भिंतीकडे वळले. बाईंनी पट्टी बांधलेल्या पायावर चादर सारखी केली. पुरण वाटून दुखलेले तेच हात.