तीन सावकार आणि वन्सं

"पाणी कागदाच्या पेल्यात दिलं," मागच्या सीटवरून कालोलाइने लाविनियाच्या मानेशी पुटपुटली. "असल्या बँकेच्या कर्जावर घर घ्यायचं म्हणजे तेही कागदाचंच निघायचं."

लाविनियाने शेजारी नवऱ्याकडे पाहिलं. अख्ख्या ऑकलंडची वाहतूक आपल्याच जिवावर चालली आहे अशा चेहऱ्याने सेमिसी गाडी हाकत होता. मागे बसली होती ती त्याची थोरली बहीण. टोंगा बेटांवरून आलेल्या त्यांच्यासारख्या घरांत बहिणीचा मान पाद्र्याच्या खालोखाल, आणि कालोलाइनेच्या मते खालोखाल कसला, वरच. नाजूक विषय निघाला की भाऊ-बहीण एकमेकांशी थेट बोलत नसत. जे काही असेल ते लाविनियामार्फत, मग तिघं एकाच गाडीत का असेनात.

खरं तर त्या बँकेचा व्याजदर बरा होता. वर कर्ज घेतल्याबद्दल ती रोख पैसेही देणार होती. त्या पैशांत लाविनियाने मनातल्या मनात शेगडी घेऊन टाकली होती, आणि सेमिसीने मनातल्या मनात तेच पैसे चर्चला देऊन टाकले होते. पण वन्संना बँक पटली नाही म्हणजे विषय संपला.

घ्यायचं घर पापाटोएटोए उपनगरात होतं, तीन बेडरूमचं, मागे लिंबाचं झाड. मालक शुक्रवारपर्यंत थांबायला तयार होता. लग्नानंतरची सगळी वर्षं भाड्याच्या घरांत काढलेल्या लाविनियाला ते इतकं आवडलं होतं, की त्याचा विषय निघाला की ती उगाचच हळू आवाजात बोलायची. घर बघायला गेले तेव्हा कालोलाइने सरळ सकाळच्या उन्हाच्या खोलीत शिरली, खिडकीत पर्स ठेवली आणि म्हणाली, गुडघ्यांना हे ऊन चांगलं. त्यावर सेमिसीने लिंबाच्या झाडाची तारीफ केली. लाविनियाने नळ दोनदा उघडून बंद केला.

नवरा गेल्यापासून कालोलाइनेचं ओटाहुहूतलं बिऱ्हाड नावापुरतंच उरलं होतं. सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत ती लाविनियाच्या स्वयंपाकघरात असायची आणि प्रत्येक डब्याची जागा बदलायची.

दुसरा सावकार म्हणजे आपल्याच लोकांची पतपेढी. दर थोडा चढा, पण माणसं ओळखीची. तिथला साहेब टोंगातल्याच वावाऊ बेटावरचा निघाला. सगळं जमत आलं, आणि ऐन वेळी कालोलाइनेला आठवलं, की याच्या आत्याने एका मयताला मानाचा आहेर म्हणून जुन्याच चटया धुऊन आणल्या होत्या. अशा घराण्याकडून कर्ज घ्यायचं? सेमिसी नमस्कार करून उठला.

दुसऱ्या दिवशी कामावर, विमानतळावरच्या स्वयंपाकघरात जेवणाचे ट्रे भरता भरता लाविनियाचा हात थांबला. कागदाच्या पेल्यातलं पाणी वन्सं प्यायल्या होत्या. वर आणखी मागूनही घेतलं होतं. पेला खटकला तो नंतर, बँकेतल्या मुलीने घरात किती जण राहणार असं विचारल्यावर आणि सेमिसीने खोकून "चौघं" म्हटल्यावर. चौघं म्हणजे ती दोघं आणि दोन मुलं. पतपेढीतही तसंच झालं होतं. आधी प्रश्न, मग खोकला, मग चौघं, मग चटया. व्याजदराचा बिचाऱ्याचा कशाशीच संबंध नव्हता.

घरी तारोचे कंद सोलताना तिने नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, आधी दर तर बघू.

गुरुवारी तिसरीकडे गेले. हा ग्रेशम नावाचा हडकुळा दलाल, सगळ्या बँकांचे दर एका टेबलावर मांडून देणारा. लाविनियाने आदल्या दिवशी फोन करून त्याला काचेचे ग्लास ठेवायला सांगितलं होतं. त्याने ते बशीसकट ठेवले. कालोलाइने प्रसन्न झाली. ठरावीक व्याज कुठे, बदलतं कुठे, कुणाकडे लवकर फेडलं तर दंड, सगळ्याला तिने मान डोलावली. त्याच्या टायचंही कौतुक केलं. सेमिसीच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसत होतं.

मग ग्रेशमने पेन उचललं. घरात राहणार किती जण?

सेमिसी खोकला. "चौघं."

कालोलाइनेने ग्लास बशीत ठेवला. भावाकडे न बघता ती म्हणाली, "लाविनिया, तुझ्या नवऱ्याला विचार, त्या चौघांत मी आहे का."

नवरा हातभर अंतरावर बसला होता. तोही लाविनियाकडेच वळला. "ताईला सांग..." एवढं म्हणून तो पुन्हा खोकला. ग्रेशम तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला वाटलं असणार, आपलंच काहीतरी चुकलं.

पाच म्हणून टाकावं, असं लाविनियाच्या अगदी ओठांवर आलं. एक आकडा बदलला की घर मिळत होतं, शुक्रवारही गाठता येत होता. तिने नणंदेचा हात आपल्या हातात घेतला.

"नाही वन्सं, तुम्ही त्यात नाही," ती म्हणाली. "रोज सकाळी या, पोटभर जेवा, मला काय हवं ते बोला. पण निजायला तुम्ही तुमच्या घरी जायचं. रात्री तरी ते आम्हा चौघांचं असावं, म्हणूनच मला हे घर हवंय."