झाकणावर कोरलेले नाव

'सदर कुकर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासलेला व सर्वथा सुरक्षित असून, झाकणावर नाव कोरल्याने पत्रा दुर्बल झाला व तेच स्फोटाचे कारण होय.'

कंपनीचा हा लेखी जबाब ग्राहक आयोगासमोर वाचला गेला आणि धनंजयच्या कानशिलांत रक्त सणसणले. भंडाऱ्यात तीन पिढ्या आंदणाच्या भांड्यांवर नावे कोरणारे त्याचे घर. कोरल्याने भांडी फुटत असती, तर या जिल्ह्यात लग्नानंतर एकही स्वयंपाकघर शाबूत राहिले नसते. फाटलेले झाकण तर मेजावरच होते. चीर मुठीच्या रिव्हेटपासून थेट काठापर्यंत गेलेली. 'रीता' ही अक्षरे तिच्यापासून चार बोटे दूर, जशीच्या तशी. जबाब लिहिणाऱ्या विद्वानाने झाकण पाहण्याची तसदी घेतली नसावी. प्रमाणपत्र हाती असले की डोळ्यांचे काम उरत नाही.

पण हा जबाब टिकला, तर सानगडीच्या रीताच्या, कुकर फुटून भाजलेल्या हाताचा दोष कायमचा धनंजयच्या माथी बसणार होता. गिऱ्हाइके आताच भांडी परत नेऊ लागली होती.

त्याला साक्षीला उभे केले. काही लपवायचे नाही, असे त्याने ठरवले होते. नाव कोरताना सुई पत्र्यात रुतत होती, हे तेव्हाच जाणवले, असे त्याने सांगितले. पण लेकीच्या आंदणात खोट काढू नये, ही इथली रीत. म्हणून हात हलका करून त्याने काम उरकले होते.

"तवाच तोंड उघडलं असतं त माह्या सुनेचा हात वाचला असता ना, बाप्पा," रीताची सासू चंद्रभागाबाई मागून म्हणाली. धनंजयने मान खाली घातली.

कंपनीच्या वकिलाला मात्र हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. सुई रुतते, हे साक्षीदारच कबूल करतो! त्याच बॅचचा, तपासणीत उत्तीर्ण झालेला मोहोरबंद नमुना त्याने ऐटीत मेजावर ठेवला आणि आव्हान दिले, की यावर कोरून दाखवा, आत काय होते ते आयोग पाहील. शेजारी बसलेले कंपनीचे गुणवत्ता अधिकारी कृष्णराव त्याची बाही ओढत होते. वकिलाने ती सोडवून घेतली.

त्याच बॅचचा एक कुकर धनंजयनेही दुकानातून पावतीसह आणला होता. दोन्हींवर 'रीता' कोरण्याची परवानगी त्याने मागितली. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी होकारार्थी मान हलवली. त्याने सोबत आणलेले कोरण्याचे यंत्र घरघरले. लोक बाकांवरून उठून पुढे सरकले. शिपाईसुद्धा टाचा उंचावून पाहू लागला.

नमुन्याचे झाकण उलटे केले: आतून आरशासारखे सपाट. दुकानातले झाकण उलटे केले: आत 'रीता' हे नाव उलट्या अक्षरांत फुगून वर आलेले. अध्यक्षबाईंनी दोन्हींवरून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला.

"एवढं कोरलं, पर पयल्याले ओरखडाबी नाही गेला आत," चंद्रभागाबाई म्हणाली, आणि ही कुजबुज भरल्या दालनात पसरत गेली. धनंजयची मान आता ताठ होती.

एका बॅचचे दोन पत्रे कसे, असे अध्यक्षबाईंनी कृष्णरावांना विचारले. वकील उठू लागला; त्याला बसवण्यात आले. कृष्णराव बोलले ते लेखनिकाने शब्दशः उतरवून घेतले:

"तपासणीला जातो तो नग आम्ही जाड पत्र्याचा वेगळा बनवून घेतो. दुकानात जातो तो माल तपासणीला कधी गेलेलाच नाही."