रूपीला तिकडची हाक

रूपी जपानहून घरी आली ती पांढऱ्या कापडात बांधलेल्या डब्यातून. तिकडच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायला गेलेली डहाणूजवळच्या गंजाडची ही पोर २०१९च्या थंडीत बर्फावरून सायकल घसरून ट्रकखाली गेली. तिला तिकडेच जाळलं आणि राख पाठवून दिली. आता राखेला काय तोंड असतं, आईनं ओळखायला?

त्यांच्या पाड्यावर रीत अशी की गेलेल्याची खूण तांदळाच्या पिठानं अंगणात काढायची, वर दाणे टाकायचे, कोंबडीचं पिल्लू सोडायचं आणि जिनं जन्म दिला तिनं हाक मारायची. पिल्लानं दाणा टिपला की गेलेलं माणूस घरी पोचलं. रूपीची आई सोनीबाई, तिनं हाक मारली. पिल्लू दाण्यांवर उभं राहिलं, शिटलं आणि पळून गेलं. रूपीचा बाप चैत्या डोकं धरून बसला. सोनीबाईच्या मात्र जिवात जीव आला. दाणा टिपला नाही म्हणजे पोरीचा जीव आलाच नाही. आला नाही म्हणजे ती मेलीच नाही. डबा दुसऱ्याच कुणा अभागिणीचा असेल. आईच्या मनाला कोण समजावणार?

रूपीबरोबर डहाणूच्या जपानी क्लासला जाणारी चंद्रिका पाड्यावरचीच. तिनं सुचवलं की तिकडचे म्हातारे रूपीला वेगळ्याच उच्चारानं हाक मारायचे, रूपीच फोनवर हसून सांगायची. तीच हाक तिच्या कानात बसली असेल, तर इकडची कशी ऐकू जाईल? चैत्याला ते पटलं. शिकव हिला, म्हणाला.

डब्यावरच्या चिठ्ठीत रूपीचं नाव जपानीत होतं, दोनच अक्षरांचं. त्यातलं पहिलंच अंगणात खूण म्हणून काढायचं ठरलं. चंद्रिकानं सुपात पीठ पसरून पहिलं अक्षर बोटानं काढून दाखवलं. आडवी रेघ, मग तिरकी खाली, मग पोट फुगवून वळण आणि शेवटी बारीक गाठ, सगळं हात न उचलता. सोनीबाईनं आजवर कितीतरी लग्नांत भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिलेले. तिनं ते एका दमात काढलं.

उच्चाराला मात्र ती दगड झाली. ओठांचा चंबू करायचा नाही, जिभेचं टोक टाळूला एकदाच टेकवून सोडायचं, र आणि ल यांच्या मधे कुठंतरी. सोनीबाई कधी घसघशीत 'रू' म्हणे, कधी 'लू'. चैत्यानं तिची अक्कल काढली. खरं म्हणजे पहिल्याच दुपारी सरपण गोळा करताना ती माळावर एकटी ते अक्षर म्हणाली होती आणि अगदी स्वच्छ म्हणाली होती. मग घाबरून तिनं तोंडावर पदर दाबला. जोवर जीभ वळत नाही, तोवर पोर जिवंत. असं खोटं बोलणाऱ्या बाईला नावं ठेवायची कुणाची छाती असेल त्यानं ठेवावीत.

चंद्रिकाच्या लक्षात आलं. असा हात चालणाऱ्या बाईची जीभ एवढी अडेल कशी? एका सकाळी तिनं सुपातलं पीठ पुसून टाकलं.

"काकी, तुला येतंय."

सोनीबाई सूप उचलून आत निघाली. चंद्रिका तिच्या मागं गेली.

"ती मेलीच असंल तर? ना तिकडं, ना इकडं. अजून त्या बर्फात उभी असंल."

रूपीला थंडी सोसत नसे. फोनवर दरवेळी तेच रडगाणं, आये, पाय गारठतात, मोज्यांतसुद्धा. सोनीबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच अंगण सारवलं आणि माणसं बोलावून आणली.

तिनं अक्षर काढलं, दाणे टाकले, पिल्लू सोडलं आणि रूपीला हाक मारली, तिकडचे म्हातारे मारत तशी. पिल्लू थेट दाण्यांवर गेलं आणि अधाशासारखं टिपू लागलं.

"आली," चैत्या म्हणाला आणि रडायला लागला. माणसांनी सुस्कारे सोडले. कुणीतरी सोनीबाईच्या पाठीवर हात ठेवला, तसा तिनं तो झटकला.

"आजपावत जिती होती पोर," ती म्हणाली. "मीच मारली तिला."