रिकाम्या कोथळीचा राग

“याडीले तिथं पैसे कायले पाह्यजे? दोन टाइम जेवाले वर्षा देतेच ना.”

बबलू हे स्वतःशीच पुटपुटला. वाकून याडीच्या, म्हणजे आईच्या, बॅगेची चेन ओढत होता, म्हणून त्याचं तोंड माझ्यापासून वीतभरच लांब होतं. त्याला वाटलं, कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं. मी त्याच्या आईच्या, जमनाबाईच्या, कंबरेलाच बांधलेली होते.

मित्रांनो, मी पैसे ठेवायची एक जुनी कोथळी. वय विचाराल तर बबलूपेक्षा जास्त. या वयात माणसं शांत होतात म्हणे. मी माणूस नाही. मला राग येतो तो येतोच.

बाभुळगावच्या पलीकडे आमचा तांडा. जमनाबाईचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने, सुखीबाईने, आपल्या फाटक्या घागऱ्यातून मला कापलं. लाल कापडावर निळा-पिवळा दोरा, चार आरसे, काठाला कवड्या. आणि आत तीन कप्पे. आमच्या माणसांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून महिनोन्महिने परमुलखात फिरायचे. तेव्हा लांबच्या वाटेवर पैसा कसा न्यायचा, हे सुखीबाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. टाके घालता घालता तिने लेकीला सांगितलं, “सारा पैसा एका जागी ठेवू नको. रोजचा वरच्या कप्प्यात. मोठा पोटाशी. आन् घरी वापस याचा पैसा तिसऱ्यात. तिसऱ्याले हात लावाचा नाही. तो कुठं हाय ते नवऱ्यालेही सांगू नको.”

जमनाबाईने ते पाळलं. लग्नानंतर दहा वर्षं ती आणि नवरा हरिसिंग ऊस तोडायला दूर जायचे. एकदा परतताना एसटी स्टँडवर कोणीतरी हरिसिंगचा खिसा कापला. तो भुईवर बसला, डोक्याला हात लावून. जमनाबाईने पाठ फिरवली, माझ्या तिसऱ्या कप्प्यात दोन बोटं घातली आणि दोघांची तिकिटं काढली. तांड्यात आठवडाभर माझंच नाव होतं. हरिसिंग स्वतः सांगत फिरायचा, “आमाले कोथळीनं घरी आणलं.”

आता तो हे सांगत नाही. विसरला असेल. विसरणं सोपं असतं, खिळ्याला टांगलं की झालं.

बबलूने कळंबला मोबाइलचं दुकान टाकलं आणि घरात पैसा दिसेनासा झाला. टिंग वाजतं, की गेला. टिंग वाजतं, की आला. माझ्यात बीपीच्या गोळ्या आणि एक सुपारी राहू लागली.

मित्रांनो, मी विमानातही बसले आहे. दोन वर्षांपूर्वी. जमनाबाईची लेक वर्षा इंग्लंडात नर्स आहे. तिला पहिली मुलगी झाली तेव्हा आई पाच महिने गेली होती. विमानतळावर माझे आरसे पाहून तिथल्या बाईने मला ट्रेमध्ये ठेवायला लावलं, उलटं केलं, झटकलं. आतून सुपारी पडली. “पैसे नहीं हैं?” असं तिने विचारलं. जमनाबाई हसली. मी नाही हसले.

वर्षा आणि जावई शाम, दोघांचीही बारा-बारा तासांची ड्युटी. बाळ जमनाबाईच्या खांद्यावर. एकदा जमनाबाईलाच ताप आला. औषधाचं दुकान कोपऱ्यावरच होतं. बाळाला घेऊन ती तिथवर चालत गेली, माझ्यात हात घातला, सुपारी चाचपली आणि परत आली. रात्री जावयाला सांगायची लाज वाटली. तीन दिवस तापात भाकरी थापली तिने. घरी आल्यावर सुनेला, पुष्पाला, एवढंच म्हणाली, “हात पसराव लागते तिथं.” पुष्पाने ते बबलूला सांगितलं, बबलूने बापाला. मग सगळ्यांना माहीत झालं आणि सगळे गप्प बसले.

आता दुसरं बाळ झालं आहे. पुन्हा बोलावणं आलं. या वेळी जमनाबाईने स्वतःच बचत गटातून कशिदा करून साठवलेले पैसे काढले आणि बबलूला म्हणाली, “चाल, बँकेत.”

यवतमाळच्या त्या बँकेत सुरभी नावाची मुलगी होती. फार नीट बोलली. “मावशी, जास्तीचे पैसे या कार्डात पौंड करून भरू. दुसरं कार्ड वेगळ्या बॅगेत ठेवा, एक हरवलं तर दुसरं कामी येते. थोड्या सुट्या नोटा अंगावर. पिन कार्डावर लिहू नका. हरवलं तर ज्या नंबरवर फोन करायचा, तो कागदावर लिहून वेगळा ठेवा. आणि मशीननं विचारलं, रुपयांत घेऊ का, तर पौंडच म्हणा. नाहीतर भाव महाग लागते.”

“हे तं माह्या मायनं सांगतलं व्हतं, पोरी,” जमनाबाई म्हणाली. “मशीन सोडून.”

त्या क्षणी मला वाटलं, आता माझे तिन्ही कप्पे भरणार. पण फॉर्मवर मोबाइल नंबर बबलूचा गेला. पिन बबलूने ठरवला, आईला सांगितलाच नाही. दुसरं कार्ड बबलूच्या खिशात गेलं. “नोटा वर्षाजवळ देजो. तुह्याकून हरवतीन.”

आज दारात नागपूरला जायची गाडी उभी आहे आणि जमनाबाई ओट्यावर बसली आहे. उठत नाही.

“पिन सांग मले.”

“याडी, तुले आकडे समजत नाही.”

“चाळीस वर्ष टाके मोजले म्या. चार आकडे नाही समजत?”

“आपल्या माणसात कायचा हिशेब,” हरिसिंग बाजेवरून म्हणाला. “टाइम होऊन राह्यला, उठ.”

फोनवर वर्षा होती. “याडी, तू ये तं खरं. काय पाह्यजे ते आमी आणू ना.”

“मले येवाचं हाय, पोरी. तुह्या लेकराची माया हाय मले. पण हात पसराले नाही येवाचं.”

ड्रायव्हरने उगाच काच पुसली.

मित्रांनो, मी कापडाची आहे, मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगते. घरातलं माणूस लांब निघालं की त्याच्या बॅगेत लोणचं भरता, स्वेटर भरता, तसं त्याचं कार्ड त्याच्याच हातात द्या. पिन त्याच्याच बोटांना शिकवा, दहादा विसरलं तर दहादा शिकवा. आणि परत यायचा पैसा त्याच्याजवळच राहू द्या. तो खर्च होवो न होवो. तो जवळ असला की माणूस पाहुणा असतो. नसला की काय असतो, ते मी कोपऱ्यावरच्या दुकानात पाहिलं आहे.

मला वाटलं होतं, हरिसिंग बोलेल. त्याला एसटी स्टँड आठवेल. तो चप्पल शोधत राहिला.

तेवढ्यात चुलीजवळून पुष्पा उठली. सासऱ्यासमोर ती कधी बोलत नाही, आजही तिने पदर पुढे ओढला. मग बबलूच्या खिशातून तिने दुसरं कार्ड काढलं आणि माझ्या तिसऱ्या कप्प्यात सरकवलं. पदर तसाच धरून ती सगळ्यांकडे वळली.

“याडीच्या हातात पैसा असला तं ती मनात आलं त्या दिवशी वापस येईन. मंग तिथं लेकरं कोन पाहीन, हे भेव हाय आपल्या साऱ्याईले. म्हनून खाली हातानं धाडून राह्यलो आपन तिले.”