समासातलं कुंकू

दसरा आठवड्याच्या मधेच आला, म्हणजे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये तो शनिवारी झाला. उल्हासनं गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि ऑफिसच्या लॅपटॉपला झेंडू वाहिला. शरयूनं, त्याच्या बायकोनं, आपली विद्या पाटावर मांडली: लायब्ररीच्या सेलमधून जमवलेली पुस्तकं, भिंग आणि मैत्रीण सुलेखानं आणून दिलेलं जुनं चित्र.

नवऱ्याच्या एच-वनमागून मिळालेल्या एच-फोर व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती त्या वर्षांत शरयू लायब्ररीत बसून जुनी छापील चित्रं बघायला शिकली. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणी चूकही काढली नाही. मंडळात कुणाच्या हाती जुनं चित्र लागलं की लोक म्हणत, ‘शरयूला दाखव.’

हे चित्र सुलेखाच्या नवऱ्यानं, विनयनं, एका इस्टेट सेलमधून, कुणाच्या तरी मागं राहिलेल्या घरसामानाच्या विक्रीतून, आणलं होतं. गाढवावर आई आणि तान्हं बाळ, पुढे गाठोडं घेतलेला बाप. देश सोडून निघालेले. "हा एच-वन, ही एच-फोर," विनय म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मार्चमध्ये तो वारला. मग सुलेखा चित्र घेऊन आली.

"कुणी काढलंय तेवढं शोध ना, यार. आन्याला द्यायचंय. नुसतं चित्र नको, बाबांनी आणलेल्या वस्तूची स्टोरी पाहिजे तिला."

स्टोरी खालच्या समासात होती. दोन नावं. डावीकडे मूळ चित्रकाराचं, ‘यानं रंगवलं’. उजवीकडे ‘यानं कोरलं’, योस्ट नावाचा कुणी एक. रंगवलेलं चित्र एकाच चर्चच्या भिंतीवर. योस्टनं ते तांब्याच्या पत्र्यावर रेघ रेघ कोरलं, तेव्हा कुठे त्याचे छाप गावोगाव गेले. योस्ट पुस्तकात कुठे सापडला नाही. त्याचं असं जगात जे काही उरलं होतं, ते शरयूच्या माहितीत तरी त्या समासात होतं.

आणि दसऱ्याच्या पूजेसाठी शरयूनं ते चित्र प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढलं. प्लॅस्टिकवरून पूजा पोचते का? तिनं ओल्या हळदकुंकवात बोट बुडवलं, पुस्तकाकडे नेलं, आणि वाटेत थेंब पडला. नेमका चित्राच्या समासात, उजवीकडे.

"टिपकागद!" ती ओरडली. उल्हासनं पेपर टॉवेल आणला आणि दाबला. डाग पसरला.

चारशे वर्षांच्या कागदाला ऊन दाखवू नये, हे ती मंडळातल्या प्रत्येकाला बजावत आली होती. पण हळदीचा डाग उन्हानं जातो हे तिला पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. चित्र खिडकीत गेलं. ऑक्टोबरच्या मरतुकड्या उन्हानंसुद्धा पिवळा रंग उडवला. लाल राहिला, योस्टच्या नावावर ऐसपैस बसलेला.

"काप ना मग तेवढं," उल्हास म्हणाला. "तूच सांगतेस, जुने संग्राहक वहीत चिकटवायला समास कापायचेच."

"ते त्यांच्या मालकीचं कापायचे."

"सुलेखाला कळणारे का?"

नव्हतंच कळणार. हेच तर वाईट होतं. शरयूनं फूटपट्टी ठेवली, पेन्सिलीनं बारीक रेघ मारली, कात्री घेतली. शेवटचं एकदा भिंगातून पाहिलं. लालातून अक्षरं दिसत होती. छाप सुलट यावा म्हणून योस्टनं पत्र्यावर आपलं नाव उलटं कोरलं असणार, अक्षर अक्षर मागून पुढे. तिनं कात्री ठेवून दिली. रेघ खोडायला गेली असती तर कुंकू फरफटलं असतं. आणि रेघ तशी फिकट होती. सुलेखाला चष्माही लागला होता.

सुलेखाच्या स्वयंपाकघरात तिनं सगळं सांगितलं: पाट, थेंब, ऊनसुद्धा. सुलेखा गॅससमोर पाठमोरी उभी. चहा उतू गेला तरी हलली नाही.

"विनय त्याला बोटसुद्धा लावू द्यायचा नाही," ती शेवटी म्हणाली. "मी एकदा डस्टिंग केलं तर केवढा चिडला होता. आणि तू पूजा केलीस."

"चुकलंच माझं."

"नाव तरी राहिलंय का?"

"राहिलंय. बघ ना." शरयूनं घाईनं भिंग पुढे केलं. काहीतरी चांगलं दाखवायला मिळालं याचा तिला इतका आनंद झाला, की दिलं काय हे हात मोकळा झाल्यावर कळलं.

सुलेखानं बराच वेळ पाहिलं. भिंग नावावरून वर सरकलं, मग आडवं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"ही रेघ पण योस्टची?"

शरयूला ‘हो’ म्हणता आलं असतं. ते तोंडाशी आलंसुद्धा.

"माझी," ती म्हणाली. "कापणार होते."

"आणि मला सांगणार नव्हतीस."

"नाही."

सुलेखानं ओट्यावरचा चहा पुसला. पातेल्यात उरलेला एका कपात ओतला, कप शरयूपुढे ठेवला, स्वतःला घेतला नाही.

"दे, मी खोडरबर हलक्या हातानं..." शरयू म्हणाली.

"हात लावू नकोस." सुलेखानं चित्र पाकिटात सरकवलं. "राहू दे तशीच. आन्याला स्टोरी पाहिजे ना? सांगेन, हे रंगवलं त्यानं, कोरलं यानं, आणि शरयू मावशी इथपर्यंत येऊन थांबली."

शरयू मान खाली घालून चहा प्यायली. साखर घालायची राहिली होती. तिनं मागितली नाही.