साहेब आत आहेत

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे, आणि बारा वर्षं मी सरकारी नोकरी केली. माझ्या मालकाने नाही हो, मी. पगार तो घ्यायचा, खुर्चीवर मी असायचो.

जुन्या वस्तूंची आत्मवृत्तं तुम्ही वाचली असतील. त्यांत छत्री रडते, कंदील रडतो, "मला विसरू नका" म्हणतो. मी रडणार नाही. मला राग आलेला आहे. तो का, ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.

मला शिवलं दूरच्या एका थंड देशात. तिथल्या कोणा म्हाताऱ्याच्या अंगावर मी काही हिवाळे काढले. तो गेला, तसं घरच्यांनी मला पिशवीत कोंबून देऊन टाकलं. समुद्र ओलांडून मी केनियात आलो आणि गुसी लोकांच्या टेकड्यांतल्या आमच्या या गावी, जुन्या कपड्यांच्या बाजारात, एका ताडपत्रीवर पडलो. माझ्याखाली जाड सुताचा एक निळा डगला दबलेला होता. आम्ही दोघं एकाच गाठोड्यातून निघालो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला उचललं ओसोरो नावाच्या तरुणाने. जमिनीच्या कागदपत्रांच्या कचेरीत त्याला नुकतीच नोकरी लागली होती.

"अस्तर फाटलंय की हो याचं," तो म्हणाला.

"अस्तर कोणाला दिसतंय, साहेब?" दुकानदार हसला. "हा अंगात घाला. तोंड उघडायच्या आत लोक खुर्ची पुढे करतील. वर दोन केळी देतो, पण भाव नाही सोडणार."

त्या दुकानदाराने 'साहेब' म्हटलं आणि ओसोरोने घासाघीस सोडून दिली. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी साहेब म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाहतो तर माझ्यासोबतचा तो निळा डगला! तो केमुन्तो नावाच्या मुलीच्या अंगावर होता. सफाईच्या कामाला यायचं तर डगला स्वतःच्या पैशाने आणायचा, असा मुकादमाचा हुकूम होता. एकाच ताडपत्रीवरचे आम्ही दोघं. मी खुर्चीवर चढलो, तो फरशीवर वाकला. त्या दिवसापासून लोक मला पाहून दाराशीच टोपी काढायचे आणि त्या डगल्यातल्या मुलीला ओलांडून पुढे जायचे. दोन्ही कापडं परक्यांनी टाकून दिलेलीच होती ना? मग हा फरक कोणी शिवला?

पहिले काही महिने ओसोरो खरोखर बसून काम करायचा. मग शेजारच्या तीन साहेबांनी त्याला शहाणं केलं. सकाळी यायचं, कोट खुर्चीच्या पाठीला लटकवायचा, आणि जायचं. बाजाररस्त्यावर त्याने सिमेंट आणि पत्र्यांचं दुकान थाटलं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. तरी कोणी येऊन विचारलं, "साहेब आहेत का?" की उत्तर ठरलेलं, "कोट आहे ना खुर्चीवर? मग साहेब आत आहेत. बसा." लोक बसायचे. दुपार व्हायची. मग डोंगर चढून घरी जायचे.

लोक म्हणतात, जबाबदारी मोठी तसा पगार मोठा. बारा वर्षं त्या खुर्चीवर मी होतो, तिची जबाबदारी मला पुरती माहीत आहे. सुरकुती पडू द्यायची नाही, एवढीच.

काम केमुन्तो करायची. सातला कुलूप उघडायचं, झाडायचं, पुसायचं, चहा करायचा, हे तर होतंच. पण ती शाळा पूर्ण शिकलेली होती. कपाटं पुसता पुसता कुठल्या टेकडीचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत, हे तिला पाठ झालं होतं. साहेब लोक कधीमधी उगवलेच, तर तिलाच हाक मारायचे, "ए केमुन्तो, ती फाईल कुठे गं?" ती काढून द्यायची. मग म्हणायचे, "बरं, आता हो बाजूला, लोक बसलेत." तिचा महिन्याचा पगार त्यांच्या आठवड्याच्या चहापाण्याला पुरला नसता.

एकदा माकोरी नावाचे एक म्हातारबा आले. डोळे अधू. त्यांनी टोपी काढली, माझ्यापुढे उभे राहिले आणि भावाने बळकावलेल्या चहाच्या मळ्याच्या तुकड्याची सगळी कहाणी मला सांगितली. शेवटी म्हणाले, "साहेब, काहीतरी बोला."

केमुन्तोने फडकं खाली ठेवलं. "आजोबा, तो कोट आहे."

म्हातारबा पुढे झुकले, माझी बाही चाचपली. "हात्तिच्या! तरीच म्हटलं, आज साहेबांनी माझ्यावर ओरडून कसं घेतलं नाही!" दोघं पोट धरून हसले. मग तिने त्यांना कुठला अर्ज, कुठली खिडकी, सगळं समजावून दिलं. मी खुर्चीवर ऐटीत लटकत होतो. मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

मग तो जुलैचा दिवस आला; आमच्याकडे तेव्हा थंडी. धुकं इतकं, की खिडकीबाहेरचं झाड दिसत नव्हतं. केमुन्तो आली ती दीड वर्षाच्या बोसिबोरीला पाठीशी बांधून. पोर रात्रीपासून तापलेली. सांभाळणारी शेजारीण कोणाच्या तरी मयतीला गेलेली. आणि कचेरीत मूल आणायला सक्त मनाई. घरी राहावं तर फाटकाशी रोज सकाळी तीन बायका उभ्या असायच्या, 'आज कोणी नाही आली का?' विचारत. एक खाडा, की काम गेलं.

तिने दोन कपाटांच्या मधल्या जागेत रिकामी पोती अंथरली आणि लेकीला निजवलं. दोन खोल्या पुसायची, येऊन उलट्या हाताने कपाळ बघायची. पुन्हा पुसायची, येऊन श्वास मोजायची. फरशी गार, पोती ओलसर, पोर हुडहुडत होती. केमुन्तोने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"थोडा वेळच हं," ती मला म्हणाली. "दुपारच्या आत परत ठेवते."

तिने मला खुर्चीवरून काढलं आणि पोरीभोवती गुंडाळलं. मित्रांनो, त्या कचेरीत इतकी वर्षं रिकामा लटकल्यावर माझ्या आत कोणीतरी होतं. चटका बसावा इतकं गरम अंग. पोरीने थोडं दूध ओकून माझी कॉलर भिजवली आणि मग शांत झोपली.

आणि नेमकी त्याच सकाळी राजधानीहून तपासणीच्या बाई आल्या.

त्यांनी दारातूनच आत पाहिलं. चार खुर्च्या. तीन खुर्च्यांवर कोट. कागदावर तीन खुणा केल्या: हजर, हजर, हजर. चौथी खुर्ची उघडी. "हे कोण? गैरहजर?" लिहिलंसुद्धा. त्या घटकेला चारांतला एकही साहेब इमारतीत नव्हता, बरं का! एक बुटाच्या दुकानात, एक शेतावर, एक कुठे ते देवाला ठाऊक. पण त्यांचे कोट हजर होते.

कोणीतरी फोन केला. ओसोरो धापा टाकत आला. सदऱ्याच्या बाह्यांवर सिमेंट. आल्या आल्या पहिला शब्द, "माझा कोट कुठाय?"

मी दोन कपाटांच्या मधे सापडलो. आत पोर.

"साहेब, ताप चढला होता तिला," केमुन्तो म्हणाली. "धुऊन देते मी. फक्त तेवढं..."

ओसोरोने तिच्याकडे बघितलंही नाही. तो बाईंकडे वळला. "बघितलंत मॅडम? सकाळीच कोट चोरीला गेला. त्याच्याच तपासाला बाहेर पडलो होतो. नाहीतर मी जागा सोडत नाही."

बाकावरून माकोरी म्हातारबा उठले. "अहो बाई, सात खेपा झाल्या माझ्या. मला कागद दाखवला तो या पोरीने. त्या कोटाने नाही, आणि त्यातल्या माणसानेही नाही. त्याच्या बाह्यांवरचं सिमेंट माझ्या अधू डोळ्यांनाही दिसतंय!"

"आजोबा, तुमचा नंबर आला की बोला," बाई म्हणाल्या.

त्यांनी सिमेंट पाहिलं होतं. मी पाहत होतो, त्यांची नजर तिथे गेली आणि तिथून उठली. त्यांनी 'गैरहजर' शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: सफाई कामगाराने कार्यालयात मूल आणले. "नियम म्हणजे नियम," असं म्हणून त्या चहाला गेल्या. तो चहाही केमुन्तोनेच ठेवलेला होता.

तिला काढायला पत्रसुद्धा लागलं नाही. मुकादमाचा एक फोन, उद्यापासून येऊ नकोस. बारा वर्षांत ज्याने जागा सोडली होती त्याची जागा राहिली, आणि जिने एक दिवसही सोडली नव्हती तिची गेली.

ओसोरोने दोन बोटांनी माझी ओली कॉलर उचलून सोडली. "शी! उद्या धुऊन, इस्त्री करून आण."

"उद्या मी कामाला नाही, साहेब. आत्ताच मुकादमाचा फोन आला ना?" केमुन्तोने लेकीला माझ्यासकट उचललं आणि ती पायऱ्या उतरली. तिला कोणी अडवलं नाही. चोरी लिहायची, तर त्या वेळी कोण कुठे होतं तेही लिहावं लागलं असतं.

पोर चौथ्या दिवशी बरी झाली. ओसोरोच्या खुर्चीवर त्याच आठवड्यात दुसरा कोट आला, माकोरी सांगत होते. केमुन्तो आता कचेरीच्या फाटकाबाहेर नाचणीची पेज विकते. लोक पेज पितात आणि विचारतात, "बोसिबोरीच्या आई, हा कागद कुठल्या खिडकीला द्यायचा?" ती सांगते. पेजेचे पैसे मिळतात. सांगण्याचे नाही.

मी रात्री लेकीचं पांघरूण असतो. ती आता पाच वर्षांची आहे. परवा तिने मला तिपाईवर ठेवलं, समोर मक्याच्या कणसांच्या बाहुल्या ओळीने बसवल्या आणि दटावून म्हणाली, "साहेब आत आहेत. गप बसून राहा!" आणि गेली बाहेर खेळायला.

केमुन्तो पेजेचं भांडं घेऊन आत आली. तिने पाहिलं. भांडं खाली ठेवलं नाही, आपटलं. मला ओढून काढलं, लेकीला हाक मारली आणि तिच्या अंगात घातलं, बाह्या चार वेळा दुमडून.

"हा अंगात घालायचा," ती म्हणाली. "नाहीतर खुंटीला. खुर्चीवर नाही. कळलं?"

"का गं आई?"

"लोक वाट बघत बसतात."

मित्रांनो, मला जपा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. मला आयुष्यभर जपलं, ब्रश मारला, नमस्कार केले. पुरे झालं. कुठे रिकाम्या खुर्चीवर एखादा कोट दिसला, तर टोपी काढू नका. त्याची बाही चाचपून बघा. आत हात लागला नाही, तर मागे वळा आणि फरशी कोण पुसतंय ते पाहा. आपला अर्ज तिला दाखवा. आणि आधी तिचं नाव विचारा.