पर्याय क्रमांक दोन

माणूस चोवीस प्रश्न बरोबर सोडवतो आणि एकच चुकवतो. एकदा नाही, दरवेळी तोच. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या बाईला झोप कशी लागावी?

मी दिएप. सा देक या आमच्या गावात मोटरसायकलच्या परवान्याची लेखी परीक्षा देणाऱ्यांना शिकवते. अकरा वर्षं झाली. तोंडावर मला सगळे ‘बाई’ म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारत नाही. माझ्या जिभेला हाड नाही. पण या कामात मजा आहे. तीस-तीस वर्षं गाडी हाकलेली माणसं पहिल्या दिवशी छाती काढून बसतात आणि तासाभरात त्यांचे चेहरे उतरतात. मागे बसलेल्या बायकोने उन्हासाठी छत्री उघडली, गुन्हा. दोन मैत्रिणींनी गाड्या शेजारी-शेजारी घेऊन सुनेच्या कागाळ्या करत चालवल्या, गुन्हा. कानात गाणी घातली, गुन्हा. रात्री दहानंतर वस्तीत हॉर्न वाजवला, तोही गुन्हाच. एकदा एका भाजीवाल्या मावशीने हात वर करून विचारलं, “बाई, मग मी आजवर तुरुंगाबाहेर कशी?”

तामकाका मात्र वर्गात एक शब्द बोलायचे नाहीत. वय अठ्ठावन्न, फुलांच्या वाफ्यांत काम करून नखांत कायमची माती. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं पन्नास सीसीची जुनी गाडी होती. तिला परवाना लागत नाही. ती एकदाची मेली. जावई जहाजावर नोकरीला जाताना आपली मोठी गाडी सासऱ्याला देऊन गेला. काकांना वाटलं, गाडी ती गाडी. एके दिवशी गरोदर लेकीला मागे बसवून दवाखान्यातून येत होते आणि चौकात पोलिसाने अडवलं. मोठ्या गाडीला परवाना लागतो हे काकांना तिथे, भर चौकात कळलं.

लेक थोआ वॉर्डाच्या कचेरीत कारकून. दिवसभर लोकांच्या कागदांवर शिक्के मारणारी. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने बापाला सांगून टाकलं, “परवाना नाही तर मी तुमच्या मागे बसणार नाही. रात्री-बेरात्री कळा सुरू झाल्या तर कोण नेणार मला? मी बाळंतपणाला लाँग शुएनला सासूबाईंकडे जाते.” आमच्याकडे पहिलं बाळंतपण आईकडे व्हायचं असतं. थोआ एकुलती एक. तिने बॅग भरून दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवली आणि काका माझ्या वर्गात येऊन बसले.

परीक्षेत पंचवीस प्रश्न असतात, एकवीस बरोबर आले की पास. पण त्यांत एक प्रश्न असा असतो, ज्याला आम्ही ‘लुळा’ म्हणतो. तो चुकला की बाकीचे चोवीस बरोबर असले तरी माणूस लुळा पडला, नापास. पुस्तकात असे वीस लुळे आहेत, त्यांतला कुठलाही येतो. काकांना नेमका हा आला: पेट्रोल संपलेली दुसऱ्याची मोटरसायकल आपल्या मोटरसायकलने ओढत किंवा ढकलत पंपापर्यंत नेता येते का? एक, पंप दिसत असेल तरच. दोन, रस्ता रिकामा असेल तरच. तीन, परवानगी नाही.

काकांनी दोन लिहिलं. चोवीस बरोबर आणि नापास. पुढची परीक्षा तीन आठवड्यांनी आणि थोआची तारीख त्यानंतर दहा दिवसांनी. म्हणजे आता एकच संधी उरली होती.

मी वर्गात तोच प्रश्न पुन्हा दिला. दोन. चार दिवसांनी गुपचूप इतर प्रश्नांत मिसळून दिला. दोन.

“काका, कितीदा सांगितलं, तीन म्हणून.”

“हात चुकला, बाई.”

हात असा चुकत नसतो. सगळे हा नियम मोडतात, ते मला माहीत आहे. कुणाची गाडी बंद पडली की मागून कुणीतरी येतं, त्या गाडीच्या पायटेकणीवर आपला पाय टेकवतं आणि ढकलत नेतं. आमच्याकडे याला कुणी गुन्हा म्हणत नाही, माणुसकी म्हणतात. म्हणूनच तर प्रश्न लुळा आहे. पण परीक्षेपुरतं सगळे तीन लिहितात आणि बाहेर जाऊन पाय लावतात. आणि काकांचं दोनच का? एक का नाही? पंप दिसत असताना ढकलणं तर त्याहून सोपं. हा दोनचा किडा माझ्या डोक्यात वळवळायला लागला.

शेवटच्या तासाला वर्गाने वर्गणी काढून बदकाची पेज मागवली. काकांनी वाटी बाजूला सारली आणि नुसतं लोणचं खाल्लं.

“पथ्य आहे का?” मी विचारलं.

“नाही. आमच्या घरी बदक शिजत नाही.”

सा देकमध्ये राहून बदक न खाणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. दुसऱ्या दिवशी मी सरळ त्यांच्या घरी गेले. कोपऱ्यात बॅग होती, तिच्यावर बाळाची टोपी ठेवलेली. थोआ खुर्चीत पाय सोडून बसली होती.

“बाई, तुम्हीच विचारा,” ती म्हणाली. “माझं तोंड दुखलं.”

काकांनी बराच वेळ कुंडीतली माती उकरली. मग म्हणाले, “तीन लिहिलं तर त्या पोराला काय तोंड दाखवू?”

“कोणत्या पोराला?”

“बदकंवाल्या.”

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तामकाकूंना कळा सुरू झाल्या होत्या. काकांनी शेजाऱ्याची गाडी मागून आणली आणि निघाले. भर दुपारी, कालव्याच्या बांधावर पेट्रोल संपलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काकू मागे ओठ चावत बसलेल्या. मग एक पोरगा आला, विशीतला. गाडीच्या दोन्ही बाजूंना बदकांचे पिंजरे लटकवलेले. त्याने काही विचारलं नाही. पायटेकणीवर पाय टेकवला आणि म्हणाला, हँडल सरळ धरा.

“सहा किलोमीटर, बाई. एका पायावर. वाटेत त्याची चप्पल पडली, उचलायलासुद्धा थांबला नाही.”

“चार हो,” आतून तामकाकू म्हणाल्या. “तेव्हापासून बंद पडलेली गाडी दिसली की हे थांबतातच, आणि दरवर्षी वाढतात ह्यांचे किलोमीटर.”

“तू डोळे मिटून होतीस, तुला काय कळतंय. आरोग्य केंद्रात पोचलो आणि अर्ध्या तासात ही झाली.” काकांनी थोआकडे मान वळवली. “मी बाहेर आलो तोवर तो गेला होता. नाव विचारलं नाही. पाणीसुद्धा पाजलं नाही मी त्याला. आता तुम्ही म्हणता, लिहा, परवानगी नाही. म्हणजे त्याने गुन्हा केला असं मीच लिहून देऊ? रस्ता रिकामा होता, बाई. मी शपथेवर सांगतो.”

मला दोनचा उलगडा झाला आणि त्याबरोबर रागही आला. “परीक्षा त्या पोराची आहे का तुमची? गेल्याच वर्षी पुलावर असं ढकलताना दोघं कंटेनरपुढे पडले. तेही भल्यासाठीच करत होते.”

“असतील.”

“आणि परवा पुन्हा तोच प्रश्न आला तर?”

“तर दोन.”

 थोआने बॅगेवरची टोपी उचलून आत टाकली आणि चेन ओढली. काकांनी ते पाहिलं. तरी म्हाताऱ्याने मान हलवली नाही. मी तणतणत घरी आले.

हट्टाला पेटले की मी पुस्तक उघडते. नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ आहे, असा माझा समज होता. त्या संध्याकाळी मी ते पहिल्यापासून वाचायला घेतलं, ओळीवर बोट ठेवून. मोटरसायकलवर मागे एकच माणूस बसवावा. याला अपवाद: आजारी माणसाला तातडीने दवाखान्यात नेताना दोन चालतील. ही ओळ मी अकरा वर्षांत शेकडो वेळा शिकवली होती. लोक माना डोलवायचे, मी पुढचं पान उलटायची. कुणासाठी लिहिली असेल, असं एकदाही मनात आलं नव्हतं.

सकाळी सहाला मी पुस्तक घेऊन पुन्हा त्यांच्या दारात.

“काका, तो पोरगा तुम्हाला दोघांनाही आपल्या गाडीवर घेऊ शकत होता. तो पुढे, मागे काकू, त्यांच्यामागे धरायला तुम्ही. आजच्या पुस्तकात असं चालतं. तेव्हाच्या पुस्तकात काय होतं ते मला माहीत नाही, पण आज चालतं.”

काकांनी ओळ वाचली. परत वाचली. चष्मा काढून पुसला.

“पण त्याच्या गाडीवर बदकं होती.”

“उतरवायची.”

“कुठे?”

“कालव्याच्या काठावर.”

“आणि परत येईपर्यंत कुणी पळवली असती तर? गरिबाचं पोर होतं, बाई. अंगावरचा सदरासुद्धा धड नव्हता.”

 मी म्हणाले, “पळवलीही असती. नियम एवढंच सांगतो की गाडीला पाय लावू नका, माणसं पडतात. माणसाला सोडून जा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मी ओळन् ओळ पाहिली.”

तामकाकू चहाचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या. काकांनी पुस्तक मिटलं. मग बायकोला म्हणाले, “चप्पल सोडली त्याने. बदकंही सोडली असती.”

“असती,” काकू म्हणाल्या.

“मग तीन लिहायला हरकत नाही.”

तीन आठवडे संपले. परीक्षेच्या दिवशी मी त्यांना माझ्या मागे बसवून काओ लान्हला नेलं. वाटभर काका पुटपुटत होते, तीन, तीन, तीन. मी बाहेर उसाचा रस पीत बसले आणि पेला अर्धा सांडला. ते बाहेर आले तेव्हा तोंड पाडून आले. 

“आला?”

“नाही आला. दारू पिऊन गाडी चालवण्याचा आला. तो काय, कुणालाही येतो.”

“म्हणजे पास?”

“पंचवीसपैकी पंचवीस.” आणि वर म्हणतात कसे, “एवढा घोकला होता, बाई. फुकट गेला.”

मी तिथल्या तिथे थोआला फोन लावून दिला. काका म्हणाले, “बॅग उघड. सामान कपाटात ठेव.”  पलीकडे ती रडायला लागली आणि हे बाबा फोन माझ्या हातात कोंबून पाणी प्यायला निघून गेले.

परवाना हातात येऊन दोनच दिवस झाले होते. पहाटे थोआला कळा सुरू झाल्या. पुढे काका, मध्ये थोआ, मागे तिला धरून तामकाकू. चौकात पोलीस उभा होता. काकांनी म्हणे गाडी मुद्दाम त्याच्याजवळ हळू केली, विचारलं तर ओळ म्हणून दाखवायची होती. त्याने बघितलंसुद्धा नाही. नात झाली.

नात महिन्याची झाली, त्या जेवणाला काका मला घ्यायला आले, स्वतः, परवाना वरच्या खिशात घालून. मी मागे बसले. छत्री बंद करून मांडीवर. कालव्याच्या रस्त्याला एक तरुण गाडी ढकलत चालला होता. गाडीवर दोन्ही बाजूंना शेवंतीच्या कुंड्या बांधलेल्या.

“पेट्रोल?” काकांनी गाडी त्याच्या शेजारी आणून विचारलं.

“संपलं, काका.”

काकांचा डावा पाय आपोआप बाहेर आला. मी मागून स्पष्ट पाहिला. रस्ता दोन्हीकडे रिकामा होता. आता हे काय करतात ते मला बघायचं होतं. पाय थोडा वेळ तसाच हवेत राहिला आणि मग परत आपल्या जागी आला.

“बाई, उतरा,” काका म्हणाले.

“मी?”

“ह्याला पेट्रोलच्या टपरीपर्यंत नेऊन आणतो. तुम्ही कुंड्या राखा. गरिबाचा माल आहे.”

आणि गेलेही. नवं लुगडं नेसावं तशी मी त्या दिवशी नवा आओ दाई घालून निघाले होते, जेवणाला उशीर होत होता आणि मी कालव्याच्या काठी दुसऱ्याच्या शेवंतीची राखण करत उभी. छत्री उघडली. उभ्या माणसाला छत्रीची मनाई नाही. नियम शिकवणं वेगळं आणि तो असा उन्हात अंगावर पडणं वेगळं, हे मला अकरा वर्षांनी कळलं.

पाचेक मिनिटांत एक शाळकरी मुलगी थांबली. “मावशी, बंद पडली का? बसा, ढकलते.” पाय पुढे करूनच. मी तिला नियम सांगितला. मग बर्फाच्या लाद्या नेणारा एक जण थांबला, त्यालाही सांगितला. तिसरी बाई थांबली, तिच्यामागे लहान मूल होतं. तिला मी नुसतं म्हटलं, माणूस येतोय, तुम्ही जा. नंतरच्यांनाही तेवढंच म्हटलं. अर्ध्या तासात सात जण थांबले. सातही जण माझ्यासाठी गुन्हा करायला तयार होते आणि थांबताना एकालाही ते ठाऊक नव्हतं. 

काका तरुणाला घेऊन परत आले. त्याच्या हातात पेट्रोलची बाटली होती. बाटलीतून पेट्रोल नेण्याबद्दल काय नियम आहे ते मी त्या दिवशी मुद्दाम आठवलं नाही. तरुणाने पेट्रोल ओतलं आणि नको-नको म्हणत असताना शेवंतीची एक कुंडी बाळासाठी म्हणून माझ्या हातात दिली.

“कंटाळलात का?” काकांनी विचारलं.

“नाही. सात जण थांबले विचारायला.”

काका गाडीला किक मारणार होते, ते थांबले.

“त्यांत पन्नाशीकडे झुकलेला कुणी होता का? बदकं घेऊन?”

ते हसतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते हसत नव्हते. बंद पडलेल्या प्रत्येक गाडीपाशी हा माणूस अठ्ठावीस वर्षं का थांबत होता, ते मला तेव्हा कळलं.

“नव्हता, काका,” मी म्हणाले. “पण सगळे थांबले.”

त्यांनी मान हलवली. मी कुंडी मांडीवर घेऊन मागे बसले आणि आम्ही जेवायला गेलो.